छापखाना बंद झाला त्यानंतर: ‘सॅन क्वेंटिन न्यूज’चं प्रकरण

2010 साली कॅलिफोर्निया राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता. दिसेल तिथं खर्चाला कात्री लागत होती, आणि त्या कात्रीत सॅन क्वेंटिन तुरुंगातला छापखाना सापडला. तिथं कैद्यांना छपाईचं काम शिकवत. त्याच यंत्रांवर ‘सॅन क्वेंटिन न्यूज’ नावाचं वर्तमानपत्र निघायचं. लिहिणारे कैदी, पानं लावणारे कैदी, छापणारेही कैदीच. ते नव्यानं सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि ज्या अधीक्षकांनी ते सुरू करवलं ते तोवर निवृत्तही झाले होते. वर्तमानपत्र बंद करा असा हुकूम कोणी काढला नाही. काढायची गरजच नव्हती. यंत्र थांबलं तर अंक छापणार कशावर?

मी काही वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काढली आहेत. छपाईचं बिल थकलं की काय होतं, कागद उधारीवर मिळेनासा झाला की पानं कशी घटतात, हे जवळून पाहिलंय. त्यामुळे या वर्तमानपत्राची गोष्ट वाचताना माझी नजर लेखांआधी बिलांवर गेली. तुरुंगातल्या पत्रकारितेवर लिहिणारे बहुतेक जण माणूस कसा बदलला ते सांगतात. गुन्हा केला, आत गेला, लिहायला लागला, सुधारला. ते खरंही असतं. पण बदललेल्या माणसाच्या अंकालाही कागद लागतो आणि त्याचे पैसे कोणीतरी मोजावे लागतात. ‘सॅन क्वेंटिन न्यूज’ 2010 नंतर कशाच्या आधारावर तगलं, आणि तो आधार कुठं कमी पडला, हे मला इथं मांडायचं आहे.

आधीचं थोडं

सॅन क्वेंटिन हा कॅलिफोर्नियातला सगळ्यात जुना सरकारी तुरुंग, 1852 पासूनचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरिन परगण्यात, अगदी खाडीच्या काठावर. भोवती श्रीमंतांची वस्ती, समोर पाणी, आणि आत जुन्या बराकींमध्ये दोघादोघांना कोंबलेल्या कोठड्या, ज्यांत हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील. पुरुष कैद्यांसाठीचा राज्यातला फाशी विभागही अनेक दशकं इथंच होता.

इथं 1940 साली क्लिंटन डफी या अधीक्षकांच्या काळात ‘सॅन क्वेंटिन न्यूज’ पहिल्यांदा निघालं. अमेरिकेला ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. मिनेसोटातल्या स्टिलवॉटर तुरुंगात ‘प्रिझन मिरर’ 1887 मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या पहिल्या भांडवलात तिथंच शिक्षा भोगणाऱ्या यंगर बंधूंचे, म्हणजे त्या काळच्या गाजलेल्या दरोडेखोरांचे, पैसे होते. कैद्यांनी स्वतः वर्गणी काढून वर्तमानपत्र उभं केलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

1980 च्या दशकात ‘सॅन क्वेंटिन न्यूज’ बंद पडलं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात तुरुंगी वर्तमानपत्रांवरून कोर्टकज्जे चालू होते. 1982 साली सोलेदाद तुरुंगातल्या वर्तमानपत्राच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं अधिकाऱ्यांच्या मर्जीला वेसण घातली. एखादा लेख पसंत नाही म्हणून अडवता येणार नाही, सुरक्षिततेचं पटण्याजोगं कारण लागेल, असा त्या निकालाचा रोख होता. निकाल चांगलाच होता. पण मला त्यातली मेख अशी दिसते की, एक लेख अडवणं अवघड झालं तरी अख्खं वर्तमानपत्र गुंडाळणं सोपंच राहिलं. वर्तमानपत्र चालवलंच पाहिजे असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

2008 मध्ये अधीक्षक रॉबर्ट एअर्स यांनी ते पुन्हा सुरू करायचं ठरवलं. तुरुंगात अफवा वाऱ्यासारख्या पसरतात आणि एका अफवेवरून मैदानात रक्त सांडू शकतं. छापलेली, तपासलेली बातमी असेल तर अफवेला उत्तर मिळेल, हा त्यांचा हिशोब होता. त्यांनी मदतीला बाहेरचे निवृत्त पत्रकार बोलावले. त्यात स्टीव्ह मॅकनमारा होते, मरिनमधल्या ‘पॅसिफिक सन’ या साप्ताहिकाचे अनेक वर्षांचे मालक-संपादक. आयुष्यभर स्वतःचं साप्ताहिक चालवलेला हा माणूस मोबाइल गेटवर ठेवून, झडती देऊन आत जाऊ लागला, आणि कैद्यांना शिकवू लागला की बातमीत पहिल्या वाक्यात काय यायला हवं आणि कोणाचं म्हणणं घेतल्याशिवाय छापायचं नाही.

एक बातमी कशी निघते

हे नीट पाहिल्याशिवाय मदत म्हणजे काय ते कळत नाही.

समजा, त्या वर्षांत राज्य सरकारनं जन्मठेपेच्या कैद्यांच्या पॅरोलचे नियम बदलले आणि आतल्या बातमीदाराला त्यावर लिहायचंय. त्याच्यासमोर संगणक आहे, पण इंटरनेट नाही. ईमेल नाही. फोन उचलून वकिलाला विचारावं म्हटलं, तर फोन भिंतीवरचा, रांगेचा, ठरावीक मिनिटांचा. मग तो एका चिठ्ठीवर प्रश्न लिहितो: कायद्याचा नंबर काय, विधिमंडळात कोणी मांडला, मतदान कसं झालं, किती कैद्यांना लागू होतो. चिठ्ठी बाहेरून येणाऱ्या सल्लागाराच्या हाती जाते. सल्लागार घरी जाऊन शोधतो, छापून काढतो आणि पुढच्या फेरीला कागदांचा गठ्ठा घेऊन येतो. त्यातून चार नवे प्रश्न निघाले तर आणखी एक फेरी. आपण बोटानं दोन मिनिटांत करतो त्या कामाला आठवडा लागतो.

मध्येच गिनती लागते. दुपारी चारला प्रत्येकानं आपल्या कोठडीत उभं राहायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी. मैदानात मारामारी झाली, नाहीतर दाट धुकं पसरलं, तर दारं बंद, आणि मग ती किती वेळ बंद राहतील ते कोणी सांगत नाही. तरी मजकूर तयार होतो, पानं लागतात. ती आधी तुरुंगाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याच्या टेबलावर जातात, मग राजधानी सॅक्रामेंटोला तुरुंग खात्याच्या कचेरीत. तिथून होकार आला की फाइल छपाईला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डेस्कवरच्या माझ्या रात्री आठवल्या. बारा वाजता पान सोडताना आम्ही एका नावाच्या वेलांटीवरून वाद घालायचो, आणि शंका आली तर वार्ताहराला झोपेतून उठवून विचारायचो. इथं शंका आली तर आठवडा थांबायचं, आणि तरी नाव बरोबर छापायचं. माझ्या लेखी ही माणसं आधी पत्रकार आहेत.

2010 नंतर कोण उभं राहिलं

छापखाना गेल्यावर सल्लागारांनी जवळच्या सॅन राफेल गावातल्या एका व्यावसायिक छापखान्याकडे काम नेलं आणि बिल भरण्यासाठी देणग्या गोळा करायला सुरुवात केली. सांगायला हे एका वाक्यात उरकतं, पण या वर्तमानपत्राच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वळण हेच. तोवर ते सरकारी यंत्रावर, सरकारी शाईनं छापलं जात होतं. आता सरकारची एक पैही नको, फक्त परवानगी हवी. अर्थसंकल्पातून खोडता येईल असा त्याचा खर्चच उरला नाही. ज्यानं छापखाना बंद केला त्या कारकुनी निर्णयानं नकळत वर्तमानपत्राला एका धोक्यातून मोकळं केलं.

पुढची मदत बर्कलीच्या विद्यापीठातून आली. पत्रकारितेचे प्राध्यापक विल्यम ड्रमंड 2012 पासून आत जाऊ लागले, आणि मग आपल्या विद्यार्थ्यांनाही नेऊ लागले. विद्यार्थी कैद्यांचे लेख संपादित करायचे, संदर्भ तपासायचे. वीस वर्षांच्या पोरीनं चाळिशीतल्या जन्मठेपेच्या कैद्याला सांगायचं, की काका, हा परिच्छेद वर घ्या आणि हा आकडा कुठून आला ते दाखवा. असं एका टेबलाशी बसून दोघंही काम शिकतात. त्याच विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेतल्या विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्राचा धंद्याचा आराखडा करून दिला: राज्यातल्या सगळ्या तुरुंगांत पोहोचायचं तर किती प्रती, किती खर्च, पैसा कुठून. आराखडा कागदावर राहिला नाही. एका तुरुंगाचं हे पत्र पुढं राज्यातल्या पस्तीस तुरुंगांत जाऊ लागलं आणि छपाई 30,000 प्रतींच्या घरात गेली.

सल्लागारांनी काय केलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी अग्रलेख लिहिले नाहीत. कोणता विषय घ्यायचा ते ठरवलं नाही. मुख्य संपादक कैदीच राहिला. बाहेरच्यांनी गठ्ठे वाहिले, व्याकरण तपासलं, बिलं भरली, देणगीदारांना पत्रं लिहिली. आपल्याकडे एखाद्या उपक्रमाला हातभार लावणारा माणूस वर्षभरात त्याचा अध्यक्ष होऊन बसतो, म्हणून मला याचं विशेष वाटतं. मदत करणाऱ्याचं नाव मथळ्याखाली आलं असतं, तर ते तुरुंगाविषयीचं आणखी एक वर्तमानपत्र झालं असतं, तुरुंगातलं उरलं नसतं.

या काळात मुख्य संपादक होते आर्नुल्फो गार्सिया. घरफोडीच्या गुन्ह्यांत, ‘तिसऱ्यांदा सापडलास तर जन्मठेप’ या कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली त्यांना 65 वर्षं ते आजन्म अशी शिक्षा झाली होती. त्यांनी वर्तमानपत्राच्या नावानं बैठकी भरवायला सुरुवात केली. सरकारी वकील, न्यायाधीश, शिक्षक यांना आत बोलवायचं आणि कैद्यांसोबत गोल करून बसवायचं. सॅन फ्रान्सिस्कोचे तेव्हाचे जिल्हा सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन आपल्या सहकाऱ्यांसह येऊन बसले. ज्यानं आयुष्यभर कोर्टात शिक्षा मागितली त्यानं, शिक्षा भोगणारा माणूस शिक्षेच्या विसाव्या वर्षी कसा बोलतो, ते समोर बसून ऐकलं. नुसता अंक छापून हे झालं नसतं. पण अंक नसता तर त्या वकिलांना आत बोलवायला निमित्त कोणतं होतं?

गार्सिया 2017 च्या जुलैत सुटले. दोन महिन्यांत रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, सोबत त्यांची बहीणही. हे लिहितानाही मला जड जातंय.

पंचेचाळीस दिवस

2014 च्या सुरुवातीला वर्तमानपत्रावर 45 दिवसांची बंदी आली. कारण काय, तर मंजूर झालेल्या छायाचित्राच्या जागी संपादकांनी दुसरं छायाचित्र लावलं आणि ते पुन्हा मंजुरीला पाठवलं नाही. एक छायाचित्र! कोणत्याही डेस्कवर शेवटच्या तासात दहा वेळा फोटो बदलतो. गंमत नाही, त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्यावसायिक पत्रकारांच्या संघटनेच्या उत्तर कॅलिफोर्निया शाखेनं याच वर्तमानपत्राला माहिती स्वातंत्र्याचा जेम्स मॅडिसन पुरस्कार दिला.

संपादकांचं चुकलंच नाही असं मी म्हणणार नाही. नियम त्यांना माहीत होता. पण शिक्षेचं माप बघा. चूक एका चौकटीची आणि बंद झालं अख्खं वर्तमानपत्र. पैशाची सोय झाली, छपाईची झाली, सल्लागार आले, तरी किल्ली ज्याच्या कमरेला त्याच्याच कमरेला राहिली. देणगीदारांनी हे डोळे उघडे ठेवून समजून घ्यायला हवं. कितीही पैसे दिले तरी ते मजकुराचं स्वातंत्र्य विकत आणत नाहीत. वर्तमानपत्र बंद पडलं तर चारचौघात चर्चा होईल, वृत्तपत्रांत बातमी येईल, एवढी ओळख मात्र मिळवून देतात. त्या 45 दिवसांनंतर दार पुन्हा उघडलं, त्यात बाहेरच्या वाचकांच्या या नजरेचा वाटा असणार असं मला वाटतं.

बातमी मोठी, कचेरी बंद

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे बाहेरच्यांना बंदी झाली आणि वर्तमानपत्राची खोलीही बंद झाली. मे महिन्याच्या अखेरीस चिनो इथल्या तुरुंगातून 120 हून अधिक कैदी सॅन क्वेंटिनला हलवले गेले. चिनोत साथ पसरलेली होती, सॅन क्वेंटिनच्या कैद्यांमध्ये तोवर एकही रुग्ण नव्हता. पुढच्या काही आठवड्यांत 2,200 हून अधिक कैद्यांना लागण झाली. 28 कैदी आणि 1 कर्मचारी मेला. ऑक्टोबरमध्ये राज्याच्या अपील न्यायालयानं प्रशासनाचं हे वागणं म्हणजे जाणूनबुजून केलेली बेपर्वाई आहे असं म्हटलं आणि कैद्यांची संख्या निम्म्यावर आणायचा आदेश दिला.

सॅन क्वेंटिनच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी बातमी होती. ती सांगायला तयार केलेले, शिकवलेले पत्रकार जागेवरच होते, त्याच कोठड्यांत, त्याच खोकल्यांच्या आवाजात. फक्त त्यांचं वर्तमानपत्र मिटलेलं होतं. त्यांच्यातले ज्येष्ठ संपादक हुआन हेन्स यांनी आतून बाहेरच्या प्रकाशनांसाठी लिहिलं; ते स्वतःही आजारी पडले होते. बारा वर्षं जी शिदोरी बांधली होती ती इथं कामाला आली. कोणत्या संपादकाला लिहायचं, कोणती गोष्ट किती वेळा पडताळायची, हे त्यांना पाठ होतं.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी उणीवही इथंच आहे. मदत सगळी एकाच दारातून आत जात होती. दार बंद झालं आणि नेहमीचा रस्ता संपला. बाहेरच्या प्रकाशनांशी आधीपासून पक्कं नातं, हातानं लिहिलेला मजकूर टपालानं घेऊन टंकणारी माणसं, फोनवरून बातमी उतरवून घेण्याची सोय, हे साथीच्या आधी उभं असतं तर एकट्यादुकट्याच्या हिमतीवर एवढा भार पडला नसता. फोनचाच खर्च घ्या. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत कैद्यांचे फोन मोफत झाले ते 1 जानेवारी 2023 पासून. त्याआधी प्रत्येक मिनिटाचे पैसे कैद्याच्या घरचे भरत होते, आणि आतल्या बहुतेक कामांची मजुरी तासाला एक डॉलरही नव्हती.

आत जायला दुसरं कोण आहे?

बाहेरच्या पत्रकारांनी ही बातमी का आणू नये, असं कोणी विचारेल. तर 1974 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं, कॅलिफोर्नियातूनच गेलेल्या एका प्रकरणात सांगितलं की पत्रकाराला आपल्या पसंतीच्या कैद्याची समोरासमोर मुलाखत मागायचा घटनात्मक हक्क नाही. म्हणजे आत काय चाललंय ते पाहणारे दोनच: तुरुंगाचे नोकर आणि कैदी. नोकरांचं म्हणणं प्रसिद्धीपत्रकात येतंच.

आपल्याकडे कैद्याचं लेखन म्हटलं की थोर नावं पुढं येतात. 1882 साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते. 1933 साली गांधीजींनी येरवड्यात कैदेत असताना ‘हरिजन’ सुरू केलं. त्यांच्या लेखणीला आपण मान देतो, पण खुनात जन्मठेप झालेल्या पक्क्या कैद्याच्या हातात लेखणी दिसली की आपल्या कपाळाला आठी पडते. मला एक वेगळं प्रकरण आठवतं. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी आत बसून ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं मराठी पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापण्यासाठी बायकोकडे पाठवू द्या, एवढीच त्यांची मागणी. सरकारनं नाही म्हटलं आणि उच्च न्यायालयात हरल्यावर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1965 साली तिथंही सरकारचं अपील फेटाळलं गेलं. स्थानबद्धतेच्या अटींत जे हिरावून घेतलेलं नाही ते कैद्याकडे राहतं, असं न्यायालयानं सांगितलं. पुस्तक अणूवर होतं, सरकारविरुद्ध त्यात काही नव्हतं, तरी ते तुरुंगाच्या फाटकातून बाहेर यायला दोन न्यायालयं लागली.

एक आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या घरातलं माणूस यांच्यापैकी कोणाच्या हातून गेलं, त्यांना हे नाव छापील अक्षरांत पाहून काय वाटत असेल? या प्रश्नाला डोळे मिटून उत्तर देता येत नाही. लेखकानं आपल्या गुन्ह्याचं भांडवल करू नये, मेलेल्या माणसाचं नाव सजावटीला वापरू नये, हे पथ्य हवंच, आणि ते पाळतोय का हे पाहणं मदत करणाऱ्यांचंही काम आहे. पण जेवणात काय मिळतं, दवाखान्यात किती दिवसांनी नंबर लागतो, साथ कशी पसरली, या बातम्यांनी कोणत्याही घराच्या जखमेवर मीठ पडत नाही. त्या दडवल्यानं मात्र उद्या सुटून येणारा माणूस आणखी बिघडून येतो.

आता

सॅन क्वेंटिनचं नाव 2023 मध्ये बदलून पुनर्वसन केंद्र झालं. वर्तमानपत्राचे माजी मुख्य संपादक जेसी वास्केझ 2019 साली सुटले आणि बाहेर येऊन याच वर्तमानपत्राला पैसे उभे करणाऱ्या संस्थेचं काम पाहू लागले. तिचं पुढचं रूप म्हणजे ‘पॉलन इनिशिएटिव्ह’. ज्याला कागदाचे गठ्ठे आत आणून दिले जात होते, तोच माणूस आता ते गठ्ठे बाहेरून पाठवतो. आत काय लागतं हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. गिनतीच्या वेळा त्याच्या अंगात मुरलेल्या आहेत.

या संस्थेच्या मदतीनं 2024 मध्ये चाउचिला इथल्या बायकांच्या तुरुंगात ‘द पेपर ट्रेल’ सुरू झालं. पुरुषांच्या तुरुंगात बसून लिहिणाऱ्यांच्या हाती तिथल्या बायकांच्या बातम्या लागणं कठीण होतं. आईला भेटायला किती लांबून पोर येतं, बायकांच्या दवाखान्यात काय होतं, या बातम्या आता तिथल्याच बायका लिहितात, आणि पानं लागली की मंजुरीची वाट पाहतात.